वल्हवायची सायकल

वेल्डरच्या शेडमधून वडिलांची हत्यारांची पेटी आणायची, एवढंच आईने सांगितलं होतं. लेक दोन महिने ते काम टाळत होती. शेडच्या दारातून निघालेला उतार सरळ गोदामाच्या भिंतीशी जातो, आणि त्याच भिंतीवर आदळून वडील गेले.

डोक्याला मार लागला, असं डॉक्टर म्हणाले. या वयात सायकलचा नाद कशाला, असं शेजारी म्हणाले. गोदामाच्या वॉचमनने मात्र तिला एकटीला गाठलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "ताई, ब्रेक लावलाच नाही त्यांनी. भिंत समोर दिसत होती, तरी उलट आणखीच जोर लावत होते. या डोळ्यांनी पाहिलंय."

तेव्हापासून ते वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. कारण अपघाताच्या नऊ दिवस आधी वडिलांचा फोन आला होता. "आता नाही होत गं माझ्याच्याने," ते म्हणाले होते. ती ऑफिसच्या जिन्यात होती, हातात फायली होत्या. "बाबा, संध्याकाळी निवांत बोलू," ती म्हणाली. संध्याकाळी तिने फोन केला नाही. वॉचमनचं वाक्य आणि हे वाक्य एकमेकांशेजारी ठेवलं की जे दिसायचं, ते तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. आईजवळ तर नाहीच.

वेल्डरकाका लोखंडी गेट घासत बसले होते. तिला पाहून त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला.

"आलीस का शेवटी. पेटी आत आहे, कोपऱ्यात."

कोपऱ्यात पेटी होतीच, पण तिच्यामागे ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक झाकलेलं होतं. ताडपत्रीतून एक चाक डोकावत होतं. तिने ती ओढली.

सायकल होती. पण पेडल नव्हते, हँडलही नव्हतं. पुढच्या चाकाला पाय टेकायला आडवी पट्टी, पायांनीच वळवायची. बसायला खुर्चीसारखी पाठीची सीट. समोर एक आडवा दांडा, त्याला चेन, चेन मागच्या चाकाकडे गेलेली. दांड्याला गुंडाळलेली निळी पट्टी ओळखीची होती. वडील घरातल्या प्रत्येक मुठीला तीच गुंडाळायचे.

"वल्हवायची सायकल," काका दारातून म्हणाले. "पाणी तेवढं आणायचं राहिलं. तुझ्या बापाचे गुडघे गेले होते ना. मला म्हणाला, पायांनी आता नाही होत माझ्याच्याने, पण हात अजून धड आहेत. चार महिने खपलो आम्ही दोघं. हात बसल्याशिवाय घरी दाखवायची नाही, म्हणे."

ती पेटीवर बसली.

"यावरूनच गेले ते?"

"हो." काका चष्म्याची काच पुसत राहिले. "मीच उचलून आणली. म्हटलं, माझा जोड तुटला की काय. रात्रंदिवस तेच डोक्यात. पण जोड शाबूत होता. चाक वाकलं होतं तेवढं सरळ केलं. वाकलेलं बघवेना."

"आणि ब्रेक?"

"एकदम ठीक. दांडा ओढला की पळते, पार पुढे ढकलला की थांबते. सोपं आहे."

सीटसमोरच्या नळीवर वडिलांच्या ठसठशीत अक्षरात लाल रंगाने लिहिलेलं होतं: पुढे ढकल. खाली बाण.

ब्रेक ठीक होता. म्हणजे जे तिला वाटत होतं, तेच. ती उठली आणि सायकल दाराकडे ढकलू लागली.

"पोरी, वेडेपणा करू नकोस. आईला काय तोंड दाखवू मी?"

"अर्ध्या उतारावर थांबवते, काका."

"तुझ्या बापाचं डोकं घेऊन आलीस," ते म्हणाले, पण ती बसली तशी त्यांनी मागून सीट धरून ठेवली. "ऐक. ढकल. काही झालं तरी ढकल."

"ढकल," ती म्हणाली.

त्यांनी हात काढला. पहिले दोन झटके तिने ओढले, आणि सायकल अशी सुरेख सरकली की क्षणभर तिला वडिलांचं कौतुक वाटलं. मग उताराने सायकल ताब्यात घेतली. रस्ता पायांखालून भराभर मागे जाऊ लागला. पाय जरा हलले तरी चाक डगमगत होतं. गोदामाची राखाडी भिंत अंगावर येऊ लागली. आधी दार, मग दारावरचा नंबर, मग विटांमधल्या रेघा.

आता ढकलायचं. तिला ते माहीत होतं. नाकासमोर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. पण अंग चोरलं गेलं, कोपर बरगड्यांना चिकटले आणि दोन्ही हातांनी दांडा छातीशी ओढून धरला. सायकलने उसळी घेतली. तिने आणखी घाबरून आणखी ओढलं. हात जणू दुसऱ्या कुणाचे होते. भिंत दहा पावलांवर आली तेव्हा तिने जिवाच्या आकांताने डावा पाय रेटला, आणि सायकल वळून भिंतीलगतच्या वाळूच्या ढिगात घुसली.

काका धापा टाकत आले. "ढकल म्हटलं होतं ना तुला?"

"माहीत होतं, काका." दांडा अजून छातीशी घट्ट होता. त्यांना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. "मला माहीत होतं."

घरी आईने न विचारता कापूस आणि औषध काढलं. कोपर धुताना वाळू बशीत पडत होती. लेकीने सगळं सांगितलं: सायकल, दांडा, लाल अक्षरं, आणि ढकलायचं माहीत असूनही हात ओढतच राहिले ते. फक्त वॉचमनचं नाव घेतलं नाही.

आईचा हात थांबला.

"वॉचमन तुला भेटला ना? मलाही भेटला होता," ती म्हणाली. "तुला कसं सांगू, म्हणून गप्प राहिले."

आईने कापूस बशीत ठेवला.

"म्हणजे घाबरले होते का गं ते?"

"हो आई. खूप घाबरले होते."

आईने मान हलवली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिने खुर्चीला पाठ टेकली. मग पुन्हा पुढे सरकून म्हणाली, "दुसरा हात दाखव."