दहा वाजून चार मिनिटांचा अंगठा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बस आगारामागच्या गल्लीत गाद्यांच्या कारखान्याला आग लागली. पहिला बंब सात मिनिटांत पोचला. त्यातले पाणी नऊ मिनिटे पुरले. मग जवानांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हायड्रंटला पाइप जोडून चक्री फिरवली, तर आतून हवेचा फुसकारा तेवढा आला. शहराच्या दक्षिण टोकाला रस्ते धुवायला गेलेला टँकर परत येईपर्यंत आणखी अठरा मिनिटे गेली. तोवर कारखान्यासह नऊ दुकाने जळाली होती आणि माळ्यावर कापूस पिंजणारा अठ्ठावन्न वर्षांचा कामगार भाजला होता.

त्या भागातल्या हायड्रंटना उत्तरेच्या टाकीतून पाणी येते. ती टाकी त्याच दिवशी सकाळी सहा वाजता साफसफाईसाठी रिकामी करण्यात आली होती, आणि ते काही कोणापासून लपवून केलेले नव्हते. आदल्या दिवशी, सोमवारी दहा वाजून चार मिनिटांनी, विभागप्रमुखांच्या मोबाइल गटावर आयुक्तांचा मेसेज आला होता: उद्या सहा ते सहा उत्तरेची टाकी रिकामी राहील, अग्निशमन विभागाने दोन भरलेले टँकर उत्तरेला उभे करावेत, सर्वांनी नोंद घ्यावी. चौदाही विभागांनी त्यावर अंगठ्याचे चिन्ह टाकले. सर्वांत आधी टाकले ते अग्निशमन विभागाने, अकरा सेकंदांत.

हा गट आयुक्तांनी चौदा महिन्यांपूर्वी, शहराचा कारभार हाती घेतल्या घेतल्या सुरू केला होता. त्याआधी कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला आठवडा लागत असे. आयुक्तांनी सांगितले की मेसेज मिळाला की अंगठा द्यायचा, आणि कोणाला किती वेळ लागला ते आपण मोजू. दर शनिवारच्या बैठकीत ती यादी मोठ्याने वाचली जाई. शेवटच्या तिघांनी जागेवर उभे राहून कारण द्यायचे. आरोग्यप्रमुख तीन शनिवार लागोपाठ उभे राहिले. चौथ्या आठवड्यापासून त्यांचा अंगठा वीस सेकंदांत येऊ लागला. फोन त्यांनी आपल्या लिपिकाकडे देऊन टाकला होता. उद्यानवाल्यांनी ड्रायव्हरकडे दिला. सहा महिन्यांत सगळ्यांची सरासरी अर्ध्या मिनिटावर आली. एका परिषदेत आयुक्तांनी त्यावर भाषण केले.

अग्निशमन प्रमुखांचा फोन सकाळी आठ ते चार नियंत्रण कक्षात, वायरलेस सेटच्या शेजारी एका ट्रेमध्ये असे. स्वतःजवळ ते साधा, बटणांचा फोन ठेवत. ट्रेसमोरच्या खुर्चीत जी ऑपरेटर बसे तिला त्या खुर्चीत एकवीस वर्षे झाली होती. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे जवानसुद्धा. प्रमुखांनी तिला तोंडी सांगून ठेवले होते, आधी अंगठा द्या, मग मला कळवा. लेखी काही नव्हते. पाच शनिवार अग्निशमन विभाग पहिला आला, तेव्हा आयुक्तांच्या सहीचे प्रमाणपत्र मिळाले. प्रमुखांनी ते कक्षात लावले आणि म्हणाले की यावर खरे तर ताईंचा फोटो हवा.

सोमवारी अंगठा दिल्यावर दहा वाजून पाचला तिच्याकडे एका शाळेतून फोन आला. स्वयंपाकघरात गॅसचा वास येत होता. तीन बंब गेले, चारशे मुले मैदानावर काढली, शाळा पुन्हा भरायला पावणेएक झाला. प्रमुखही अकरानंतर परस्पर तिकडेच गेले होते. दीड वाजता ते डबा खायला कक्षात आले आणि काही विशेष आहे का, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, शाळेचे मिटले, बाकी शांत आहे. टाकीचा मेसेज तिच्या डोक्यात नव्हता. डोक्यात असायला तो आधी वाचायला हवा होता.

आग विझली मंगळवारी दुपारी. खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार याची चर्चा त्याआधीच सुरू झाली होती. महापौरांनी घटनास्थळी चौकशी जाहीर केली. ती सामान्य प्रशासन विभागाच्या प्रमुख असलेल्या उपायुक्त बाईंकडे आली. कार्यालयात त्यांना टाचणी म्हणत, कारण त्यांच्या फायलीतला एकही कागद सुटा नसे आणि त्यांचे प्रश्नही बारीक टोकाचे असत.

बुधवारी अग्निशमन प्रमुखांनी पाच ओळींचा जबाब दिला. मेसेज आपल्याला दाखवण्यात आला नाही, कळवण्यातही आले नाही, असे त्यात लिहिले होते. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. संध्याकाळी चार वाजता ताईला नोटीस मिळाली: कर्तव्यात हलगर्जी केल्याबद्दल सेवेतून का काढू नये, याचा खुलासा अठ्ठेचाळीस तासांत करावा.

तिने ती घरी नेऊन नवऱ्यापुढे ठेवली. तो घरीच गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवतो. त्याने मशीन थांबवून दोनदा वाचली आणि विचारले की साहेबांनीच सांगितले होते ना, मग साहेब का बोलत नाहीत. ती म्हणाली, साहेबांना निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. मला नऊ वर्षं.

सासूबाई कोपऱ्यात पाय पसरून उरलेल्या चिंध्या निवडत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. नोटीस कशाबद्दल आहे हे त्यांनी मुलाकडून समजून घेतले, दोन चिंध्या बाजूला टाकल्या आणि म्हणाल्या,

“आम्ही पण अंगठेच देत आलो जन्मभर. पण आधी कोणीतरी वाचून दाखवायचं गं.”

“आई, पुरे आता,” नवरा म्हणाला.

“पुरे तर पुरे. मी कुठे नोकरीला आहे.”

ताईने नोटीस घडी घालून पर्समध्ये ठेवली. रात्रीचे जेवण झाल्यावर कामगार संघटनेच्या सचिवाचा फोन आला. त्याने सल्ला दिला की त्या वेळी मी खुर्चीत नव्हते, पाणी प्यायला उठले होते, असे लिहून दे. कोण बघायला आले आहे. तिने विचारले की मग शाळेचा फोन एका मिनिटाने कोणी घेतला. सचिव म्हणाला, तू स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार, आणि फोन ठेवला.

नियंत्रण कक्षात एक नोंदवही असते. तिला चार रकाने असतात: वेळ, कुठून, काय, कोणाला कळवले. कक्षात वाजणारी, येणारी प्रत्येक गोष्ट तीत लिहायची, ही सवय ताईला पहिल्या महिन्यात लागली होती. त्यामुळे कोणी न सांगता ती आयुक्तांचे मेसेजही लिहीत आली होती. वेळ, ‘आयुक्त गट’, ‘अंगठा दिला’, आणि चौथ्या रकान्यात ‘साहेब’. अशा चारशेहून जास्त नोंदी होत्या. आदल्या दिवसाच्या पानाखाली प्रमुख रोज सकाळी सही करत. सोमवारच्या पानाखाली त्यांनी मंगळवारी सव्वाआठला केली होती, आगीच्या आधी तीन तास. त्या पानावर दहा वाजून चारची नोंद होती. तिच्यासमोर चौथा रकाना कोरा होता.

म्हणजे वही दोघांविरुद्धही बोलत होती. अंगठे कोण देते हे प्रमुखांना ठाऊक होते, हे तिच्यातून दिसत होते. आणि त्या दिवशी ताईने कळवले नाही, हेही दिसत होते.

गुरुवारी तीन वाजता प्रमुख कक्षात आले. पुढच्या पाळीसाठी लवकर आलेल्या दुसऱ्या ऑपरेटरला त्यांनी चहा सांगायला पाठवले. खुर्ची असूनही ते टेबलाला टेकून उभे राहिले. आधी त्यांनी भाजलेल्या कामगाराचे सांगितले: शुद्धीवर आहे, बायको जवळ आहे, डॉक्टर नक्की काही बोलत नाहीत. मग सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग वहीकडे पाहिले.

“ताई, चौकशीत जे मागतात तेवढंच द्यायचं असतं.”

“वही मागितलेली नाही अजून.”

“तेच म्हणतोय.”

“साहेब, वही दिली तर माझंही नुकसानच आहे. कोरा रकाना माझा आहे.”

“मग कशाला देताय?”

तिने वायरलेसचा आवाज थोडा कमी केला. “एकवीस वर्षं रोज लिहिलंय. आता विचारल्यावर नाही म्हणू का?”

माझ्या जबाबात खोटे काही नाही, असे प्रमुख म्हणाले. तिने मान्य केले. चहा आला तेव्हा ते जिन्यात होते. त्यांचा कप तसाच राहिला.

शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी झाली. उपायुक्त बाईंच्या दालनात एक लांब टेबल, एक टंकलेखक आणि भिंतीवर शहराचा नळांचा नकाशा होता. प्रमुख डाव्या बाजूला बसले होते, पाणीपुरवठ्याचे अभियंते उजव्या. ताईने नोंदवही स्वतःहून टेबलावर ठेवली आणि पोच मागितली. बाईंनी चार-पाच पाने उलटली, सोमवारचे पान उघडे ठेवले, आणि मेसेज कोणाला दाखवला, असे विचारले. कोणालाच नाही, असे उत्तर आले. स्वतः वाचला होता का? नाही.

“का नाही वाचला?”

“वाचायला पंधरा-वीस सेकंद लागतात, मॅडम. मग आम्ही चौथे-पाचवे आलो असतो.”

पाणीपुरवठ्याचे अभियंते हसू दाबायला खोकले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा ते नकाशा बघत होते. शाळेचा फोन आला हे बाईंनी वहीत पडताळून पाहिले. मग म्हणाल्या की शाळेचा फोन यायच्या आधी एक मिनिट होते. त्या एका मिनिटात प्रमुखांना त्यांच्या दुसऱ्या फोनवर कळवता आले असते.

“लागला नसता,” ताई म्हणाली. “सोमवारी दहाला सगळे साहेब आयुक्त साहेबांच्या दालनात असतात. फोन बाहेर ठेवायचे असतात.”

उपायुक्त बाई लिहीत होत्या. त्या थांबल्या.

सोमवारची बैठक दहा ते अकरा होते. बैठकीत कोणाचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून फोन दाराबाहेर ठेवायचा नियम आयुक्तांनीच केला होता आणि तो कडक पाळला जातो. त्या सोमवारी चौदाही प्रमुख त्या दालनात बसून होते. पाणीपुरवठ्याचे अभियंतेही होते, आणि टाकीचा विषय त्यांनी तोंडी काढला नव्हता. तो गटावर टाकायला दिलेला होता. तरीही दहा वाजून पाच मिनिटांच्या आत गटावर चौदा अंगठे उमटले होते. उपायुक्त बाई त्याच बैठकीत आयुक्तांच्या डाव्या हाताला बसल्या होत्या. त्यांचा अंगठा तिसरा होता, सव्वीस सेकंदांचा.

त्यांनी टंकलेखकाला हेही लिहायला सांगितले. टंकलेखकाने, मॅडम तुमचेही लिहू का, असे विचारले.

“माझं आधी लिहा,” त्या म्हणाल्या.

दुपारनंतर त्यांनी बाकीच्या तेरा विभागांतून तेरा माणसांना बोलावले. लिपिक होते, दोन ड्रायव्हर होते, एक टेलिफोनवाली होती. कोणीही मेसेज शेवटपर्यंत वाचलेला नव्हता. सगळ्यांनी एकच सांगितले, साहेबांनीच तसे सांगून ठेवले आहे. सर्वांत शेवटी आयुक्तांचे स्वीय सहायक आले. दहा वाजून चार मिनिटांनी आयुक्त स्वतः बैठकीत बोलत होते, हे इतिवृत्तात आहे. मेसेज कोणी पाठवला, असे बाईंनी विचारले. सहायकांनी सांगितले की पाठवला मीच. मजकूर पाणीपुरवठ्याकडून आला होता, साहेबांचा फोन माझ्याकडेच असतो. साहेबांना दाखवला होता का, असे विचारल्यावर त्यांनी पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, हे मला आठवून सांगावे लागेल. त्यांना शनिवार दुपारपर्यंत वेळ देण्यात आला. शनिवारी त्यांचा लेखी खुलासा आला, त्यात या प्रश्नाचे उत्तर नाही.

सोमवारी सव्वादहा वाजता, बैठकीतच, उपायुक्त बाईंनी एकतीस पानांचा अहवाल सादर केला. नियमाप्रमाणे चौकशीचा अहवाल आयुक्तांकडेच जातो आणि नोकरीत ठेवायचे की काढायचे तेही आयुक्तच ठरवतात. त्या सोमवारी आयुक्तांनी अहवाल स्वतःच्या हाताने घेतला आणि बैठक पुढे चालू ठेवली. दाराबाहेर फोन ठेवायचा नियम बदललेला नाही. मंगळवारी महापौरांनी अहवालाची प्रत मागणारे पत्र पाठवले. अभ्यास चालू आहे, असे त्यांना कळवण्यात आले. अग्निशमन प्रमुखांनी त्याच दिवशी पुरवणी जबाब द्यायची परवानगी मागितली. त्यात ते काय लिहिणार आहेत हे त्यांनी कोणाला सांगितलेले नाही. ताईने विचारले नाही.

तिने आपला खुलासा मुदतीत दिला होता. तो दीड पानाचा आहे. प्रमुखांच्या तोंडी सूचनेबद्दल त्यात एक वाक्य आहे, कोऱ्या रकान्याबद्दल दोन.

बुधवारी सायंकाळी साडेपाच वाजेपर्यंत अहवालावर आयुक्तांचा शेरा नव्हता. नोटीस मागे घेतलेली नाही आणि तिच्यावर निर्णयही झालेला नाही. भाजलेल्या कामगाराला अतिदक्षता विभागातच ठेवले आहे. नियंत्रण कक्षाच्या पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा तक्ता पाच वाजता लागला. सकाळच्या पाळीला एकच खुर्ची असते. तिच्यासमोर दोघींची नावे लिहिली आहेत, त्यांतले एक ताईचे. कोणी यायचे ते लिहिलेले नाही.