टाळूवरचा दाणा

साहेब, त्या पोरीचं वर्ष तुम्ही खाल्लंत. ती नापास झाली नाही, तुम्ही तिला नापास केलंत, आणि वर तिच्या नावापुढे 'इंटर्नशिप अपूर्ण' असा शेरा मारून हात झटकून मोकळे झालात. नोटीस काढताना तुम्ही कोणाचं ऐकत नाही. आज ऐका.

दात-कवळ्या बनवायला शिकवणारा तुमचा कोर्स. शेवटचं सत्र मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये काढायचं, हा नियम तुमचा. लॅब कोणती, तेही तुम्हीच ठरवलंत. तुमच्यापैकी एक जण जरी जिना चढून वर गेला असता, तरी त्याला दिसलं असतं. टायरच्या दुकानावर एक लांबोडकी खोली. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, एकावर एक रचलेले, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने पेशंटचं आडनाव. नवा माणूस पहिल्या दिवशी दचकतो, आठवड्यात त्याला ते दिसेनासे होतात. कोपऱ्यात कळकट सिंक, शेजारी थरथरणारं टेबल, आणि त्या टेबलापाशी ही उभी. पहिल्याच सकाळी पिशवी फोडताना भसकन भुकटी उडाली आणि पोरगी डोक्यापासून पायापर्यंत पांढरीफटक झाली. मालक खुर्चीतूनच ओरडला, "या, प्लास्टर मॅडम, या!" खोली हसली. तेव्हापासून तिचं नाव प्लास्टर. खरं नाव मालकाने कधी विचारलंच नाही.

काम असं. दवाखान्यातून पेशंटच्या तोंडाचं माप यायचं. पत्र्याच्या ट्रेमध्ये रबरासारखा लगदा आणि त्यात उमटलेला जबडा. तिने ते धुवायचं, प्लास्टर कालवायचं, हवा निघून जावी म्हणून थरथरत्या टेबलावर ट्रे टेकवून हळूहळू ओतायचं. सुकलं की साचा सोडवायचा. मापात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तिथे खळगा असतो, खळग्यात प्लास्टर भरतं आणि साच्यावर दाणा येतो. मालकाने शिकवलं, म्हणजे जाता जाता एक वाक्य फेकलं, "दाणा दिसला की उडव. साचा कसा पाहिजे? बाळाच्या गालासारखा. डॉक्टर लोक साचा बघून काम देतात."

तिने उडवले. पोरीचा हात मुळात हलका. बारीक सुरीच्या एका फटक्यात दाणा गायब, जागेवर ओरखडासुद्धा नाही. मालक इतरांना दाखवायचा, "बघा रे, शिका जरा प्लास्टरकडून." पोरगी फुशारून जायची. त्या शहरात तिच्याशी कोणी बरं बोलायचं ते तेवढंच.

बाकी शहर कसं होतं म्हणता? तिला पलंगसुद्धा अर्धाच मिळाला होता. खोली एक, पलंग एक, भाडेकरू दोन. दुसरी होती नर्स. तिला कायमची रात्रपाळी. रात्री पलंग हिचा, दिवसा नर्सचा. चादरी वेगळ्या, ऊब तीच. नर्स तोंडाची फटकळ. पहिल्या दिवशीच तिने सांगून टाकलं, "हे बघ, मी निजले की मेले समज. दार वाजवायचं नाही, दिवा लावायचा नाही, रडायचं असलं तर जिन्यात." त्यामुळे बुधवारी, लॅबच्या सुट्टीला, ही सकाळपासून रस्त्यावर. बागेत बसली तर रखवालदार दोनदा येऊन बघून जायचा. दुकानात काही न घेता फिरली तर पोरी विचारायच्या, "काय दाखवू?" शेवटी ती एका इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसायची. तिथे कोणी कोणाला उठवत नाही. चार भिंती, पंखा, बसायला बाक. इतकं मोठं शहर, आणि बसायला जागा आजाऱ्यांच्या रांगेत.

बाबांचा फोन तिथेच यायचा. बाबा शाळेची बस चालवतात. मागे पोरांचा कलकलाट आणि त्यावर यांचा आवाज.

"काय म्हणतात आमच्या दातवाल्या बाई? चांगली शिकून घे. माझे आता हलायला लागलेत. पडेपर्यंत तुझं शिक्षण आटपलं पाहिजे."

"बाबा, अजून एवढे म्हातारे नाही झालात."

"अगं, या कार्ट्यांना रोज ने-आण कर, मग कळेल. जेवलीस ना?"

"जेवले." ती खोटं बोलायची, आणि समोरचा खोकणारा माणूस तिच्याकडे बघायचा.

तर आता त्या कवळीचं. एका दवाखान्यातून एका आजोबांच्या वरच्या कवळीचं काम आलं. आजोबा म्हणजे कोर्टात पुकारा करणारे शिपाई होते, निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांची नावं खड्या आवाजात पुकारली आणि आता बोळक्यातून शब्द फसफसत बाहेर पडायचे. घरचे सगळं गाळून, पातळ करून द्यायचे. प्लास्टरने साचा ओतला. साचा झकास आला, फक्त टाळूच्या मधोमध एक दाणा. चांगला मोठा, शेंगदाण्याएवढा. एवढा बुडबुडा राहिलाच कसा, असं तिच्या मनात आलं. मग सरावलेल्या हाताने तिने तो खरवडला, ओल्या कपड्याने टाळू घोटून काढली आणि साचा पुढे सरकवला.

कवळी बनली, गेली, परत आली. हलते, टोचते. मालकाने कडा घासून परत पाठवली. पुन्हा आली. पुन्हा घासली. तिसऱ्यांदाही तेच. मालक फोनवर डॉक्टरबाईंना सांगत होता, "मॅडम, पेशंटच्या हिरड्या बसल्यात हो. वय झालं की होतंच. त्यांना म्हणावं, सवय करा." फोन ठेवून म्हणाला, "थेरडा नखरे करतोय. दात नसताना जिभेला चटक लागलेली दिसते." हसले सगळे. तीही हसली. इथं लपवण्यात अर्थ नाही, तीही हसली.

पुढच्याच आठवड्यात मालकाने तिला फळ्या रिकाम्या करायला लावल्या. जुने साचे पोत्यात भरून खाली नेऊन टाकायचे. कवळीचा अखेरचा साचा कवळी सोडवताना फुटतोच. पण त्याआधी एक कच्चा साचा करतात, नुसता अंदाजाला. तो कोणी साफ करत नाही, कोणी बघतही नाही. पोतं भरता भरता आजोबांचा कच्चा साचा तिच्या हातात आला. तिने सहज अंगठा फिरवला.

टाळूच्या मधोमध दाणा होता.

त्याच जागी. तेवढाच. पोरगी जिथल्या तिथे उभी राहिली. माप दोनदा घेतलं होतं, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लगद्यात. बुडबुडा दोन्ही वेळा नेमका त्याच जागी कसा येईल? तो बुडबुडा नव्हताच. ते हाड होतं. त्या माणसाच्या टाळूला मुळातच असलेलं हाड, आणि तिने ते बाळाच्या गालासारखं गुळगुळीत करून टाकलं होतं. सपाट टाळूवर बेतलेली कवळी त्या हाडावर टेकत होती आणि दोन्ही बाजूंना डुगडुगत होती, आणि हे सगळे मिळून तिच्या कडा घासत बसले होते.

आता, साहेब, तुमचा मुद्दा येतो. तुमच्या कॉलेजात रबराचा एक जबडा आहे. देखणा, कमानदार, कुठे उंचवटा नाही, वाकडेपणा नाही. वर्षानुवर्षं मुलं त्याच एका जबड्यावरून साचे काढतात आणि त्याच साच्यांवर पास होतात. काही माणसांच्या टाळूला हाड वर आलेलं असतं, हे पुस्तकात दीड ओळीत आहे. ते तिने पाठही केलं होतं. पण बोटाखाली आलं तेव्हा ओळखलं नाही, कारण बोटाखाली कधी कोणी दिलंच नव्हतं. जिवंत माणसाचं उघडं तोंड तिने तोवर एकदाही पाहिलं नव्हतं. दात बनवायला शिकवताय आणि तोंड दाखवत नाही, शाबास तुमची!

तिने तो साचा मालकासमोर ठेवला. "सर, चूक माझी आहे. मी हाड उडवलं. नवीन माप मागवायला हवं."

मालकाने साचा हातात घेतला, अंगठा फिरवला. त्याला क्षणात कळलं, ते तिला दिसलं. मग त्याने साचा पोत्यात टाकला.

"कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. तीन वेळा हिरड्यांवर ढकलून झालंय. आता आमची चूक होती म्हणालो तर ती बाई सगळं काम उचलून दुसरीकडे नेईल. इतक्या लोकांची चूल तू पेटवणार आहेस?"

"पण सर, त्यांना जेवता येत नाही."

"तुला जेवता येतंय ना? तुझ्या कॉलेजला तुझ्याबद्दल काय सांगायचं, ते माझ्या तोंडात आहे, प्लास्टर. डोकं चालवू नकोस, हात चालव."

तिने जिन्यात जाऊन तुमच्या गाइड सरांना फोन लावला. तुम्हीच नेमलेले. सत्रभरात ते तिच्याशी एकदाच बोलले, ते असं.

"सर, माझ्या हातून एक चूक झालीये, आणि इथे ती दाबायला सांगतायत."

"चूक दाबतायत, मग चांगलंच आहे की. तुला काय त्रास?"

"पेशंटला त्रास आहे, सर."

"अगं बाळ, पेशंट डॉक्टरचा. तुझा नाही. हे बघ, दरवर्षी आपली मुलं तिथे घेतात. तू तिथे तमाशा केलास तर पुढच्या बॅचने कुठे जायचं? थोडं ॲडजस्ट कर. काय? मी मीटिंगमध्ये आहे."

ॲडजस्ट. पोरगी खाली उतरून टायरच्या ढिगाशी उभी राहिली. घरी फोन करावा, तर बाबा म्हणाले असते, ये निघून. ते म्हणाले असते याचीच तिला भीती वाटली. कारण मग ती गेली असती. आई सगळ्या गल्लीत सांगून बसली होती की पोरगी पास होऊन येतेय. तोंड उघडावं तर वर्ष जातं, मिटावं तर तिकडे एक माणूस उपाशी. तिने पोतं उपसलं, तो साचा काढला आणि ओढणीत गुंडाळून पिशवीत घातला. का घातला, हे तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

तयार कवळ्यांचे डबे दवाखान्यांत पोचवायचं कामही तिचंच होतं. दोन दिवसांनी चौथ्यांदा घासलेली ती कवळी घेऊन ती दवाखान्यात गेली. आजोबा खुर्चीत बसलेलेच होते, शेजारी त्यांची लेक. डॉक्टरबाईंनी कवळी बसवली.

"चावून बघा, आजोबा."

आजोबांनी दात मिटले. कवळी एका बाजूला टेकली, दुसऱ्या बाजूने उचलली. त्यांनी ती काढून तळहातावर ठेवली. टाळूला मधोमध लालबुंद व्रण पडला होता. आजोबा काहीतरी म्हणाले, शब्द नीट उमटले नाहीत. लेकीने उलगडा केला. "ते म्हणतायत, राहू द्या. माझंच तोंड वाईट आहे, तुम्ही लोकांनी फार कष्ट घेतले."

आणि पोरीचा बांध फुटला.

"तुमचं तोंड चांगलं आहे, आजोबा. मी वाईट केलं."

तिने पिशवीतून साचा काढला. ओढणी त्याला गुंडाळलेलीच होती, लेकीने ती सोडवली. तिने सगळं सांगितलं. दाणा, सुरी, पोतं. मालक काय म्हणाला तेही. डॉक्टरबाईंनी साच्यावर बोट फिरवलं, मग हातमोजा चढवून आजोबांच्या टाळूवर. त्यांचा चेहरा उतरला. इतक्या खेपांत एकदा तरी ते बोट फिरवायला हवं होतं, हे त्यांनाही कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तू बाहेर बस."

बाहेर बसून तिने ऐकलं. डॉक्टरबाई फोनवर मालकाला फाडून खात होत्या. स्वतःच्या बोटाबद्दल मात्र एक अक्षर नाही. आजोबा जाताना तिच्यापाशी थांबले. मारतील असं तिला वाटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ते तिला मारापेक्षा जड गेलं.

ती लॅबवर पोचली तेव्हा तिचं लॅबमधलं सामान जिन्याच्या पायरीवर काढून ठेवलेलं होतं. मालक वरून म्हणाला, "चढू नकोस. तुझ्या कॉलेजला कळवलंय. कामात हलगर्जी, वरून लॅबची बदनामी." गाइड सरांनी फोन उचलला नाही. तुमचा शेरा संध्याकाळच्या आत आला. एरवी तुमचं काम इतकं झपाट्याने होताना कोणी पाहिलेलं नाही.

दिवस होता, पलंग नर्सचा होता. तरी ती खोलीवर गेली आणि दाराला टेकून खाली बसली. रडायचं असलं तर जिन्यात, म्हणून जिन्यात. दार उघडलं. नर्स झोपेतून उठलेली, केस पिंजारलेले.

"कोण मेलं?"

"माझं वर्ष गेलं."

नर्सने सगळं ऐकून घेतलं. मग एक सणसणीत शिवी घातली, कोणाला ते विचारू नका. मग पलंगावर जाऊन ती भिंतीकडे सरकली. "ये, पड. अर्धाच मिळेल, लाथा मारल्यास तर ढकलून देईन."

पोरगी पडली. झोप लागली नाही. फोन वाजत होता, पडद्यावर बाबांचं नाव. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिला उचलवेना. काय सांगणार? शिकायला पाठवलंत, मी एका माणसाच्या टाळूचं वाटोळं केलं, खरं बोलले, आणि त्याची शिक्षा म्हणून घरी येतेय?

साहेब, चुकीची शिक्षा द्या, ती घेईल. पण तुमच्या शेऱ्यात चुकीचा उल्लेखच नाही. त्यात 'अपूर्ण'चं कारण दिलंय 'संस्थेच्या प्रतिमेस बाधा'. म्हणजे हाड खरवडून ती गप्प राहिली असती, तर आज पास होती. दरवर्षी जे पास होतात, त्यांतले किती जण असे गप्प राहिलेले आहेत, हे तुम्हाला माहीत आहे की विचारायचंच नाही असं ठरलंय? पुढच्या वर्षी तुम्ही तिला पुन्हा पाठवणार, असल्याच कुठल्यातरी जिन्यावर. तिथे पुन्हा चूक झाली तर तिने काय करायचं? बोलायचं की गिळायचं? समितीकडे पाठवू नका, नियम दाखवू नका. ती तिकडे फोन हातात धरून बसली आहे आणि बापाला काय सांगावं ते तिला सुचत नाही. तुम्ही शिकवणारे आहात ना? मग सांगा तिला. बोलायचं की गिळायचं?