आत्याच्या तोंडाला कुलूप

आत्याचा आवाज म्हणजे काय विचारता! उभी हयात बसमध्ये कंडक्टरकी केलेली बाई. तिने "पुढे सरका" म्हटलं की डुलक्या काढणारा माणूसही दचकून पुढे सरकायचा. याच आवाजामागून तिची आंधळी भाची चालायला शिकली, रस्ता ओलांडायला शिकली, आणि पुढे गोलबॉलच्या संघाची कप्तान झाली. चेंडू टाकताना गर्रकन फिरते म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

या खेळात चेंडूच्या पोटात घुंगरं असतात. डोळ्यांवर पट्ट्या बांधून तिघीजणी गोलसमोर उभ्या राहतात, घुंगरं ऐकतात आणि चेंडूवर आडव्या झेपावतात. त्यामुळे चेंडू चालू असताना हॉलमध्ये कुणी हूं की चूं करायचं नाही. आणि इथेच घोडं पेंड खायचं. मागच्या सामन्यात पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बाकावर बसवलेल्या आत्याने ऐन वेळी "डावीकडे गं, डावीकडे!" अशी बोंब ठोकली. बाकावरून सूचना दिली म्हणून पंचांनी समोरच्यांना पेनल्टी दिली, त्यावर गोल बसला आणि संघ हरला.

"आजच्या सामन्याला तू येऊ नकोस," सकाळी भिंगरीने सांगून टाकलं.

"अगं भवाने, तुला लहानाची मोठी केली ती काय घरी बसायला?"

"आत्या, आज हॉलचे साहेब बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर हॉल मिळेल, नाहीतर जन्मभर पार्किंगमध्येच सराव. तिथे स्कूटरी फुरफुरतात, चेंडूच ऐकू येत नाही. मागच्या महिन्यात संघातल्या धाकटीचा दात पडला, विसरलीस?"

आत्या विसरली नव्हती. त्या पोरीचं रक्त तिनेच पुसलं होतं. "शपथ घेते, तोंडाला कुलूप," ती म्हणाली. भिंगरी हसली, पण तिचा विश्वास काही बसला नव्हता.

आत्या प्रेक्षकांत बसली, आणि नशीब बघा, नेमकी साहेबांच्या शेजारी. साहेब येताना "दहाच मिनिटं हं" म्हणत आले होते. पहिल्यांदा त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मोबाइल पाहिला, मग मोबाइल कधी खिशात गेला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. आत्या पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. भिंगरीने गोल केला तेव्हा सगळ्यांबरोबर ओरडायची मुभा होती, पण तिने तेवढीही जोखीम घेतली नाही. नुसती मांडीवर थापा मारत राहिली.

भिंगरीचा संघ एका गोलने पुढे होता. समोरच्या संघाचा शेवटचा चेंडू सुटला आणि घुंगरं भिंगरीच्या डाव्या अंगाला वळली. एवढ्यात साहेब ताडकन उठले, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. काय ओरडणार हे आत्याला पक्कं ठाऊक होतं, तिनेही तेच ओरडलं होतं ना! तिने मागचापुढचा विचार केला नाही. साहेबांच्या तोंडावर आपला राकट पंजा दाबला आणि त्यांना खाली बसवलं.

हॉलमध्ये फक्त घुंगरं वाजत होती. भिंगरीने अंग झोकून दिलं. चेंडू तिच्या पोटावर आपटला, तिने त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं, आणि सामना संपल्याचा भोंगा वाजला.

"बाई, आता सोडा," साहेब पंजाखालून गुदमरत म्हणाले.

आत्याने झटकन हात काढला. गेला हॉल! पोरीच्या तोंडचा घास आपणच हिरावला. ती हात जोडून काही बोलणार तोच साहेब रुमालाने तोंड पुसत खाली मैदानात गेले.

"कप्तान, मी आत्ता ओरडून तुमचा घात करणार होतो," ते म्हणाले. "देवाशपथ, मदतच करायची होती मला."

"सगळ्यांना मदतच करायची असते हो साहेब," भिंगरी धापा टाकत म्हणाली. "आम्हाला फक्त ऐकू येऊ द्या. बाकीचं आम्ही बघतो."

साहेबांनी मान डोलावली. "सोमवार आणि गुरुवार संध्याकाळ चालेल? आणि त्या वरच्या बाईंना दारावर उभं करा. आत कुणाची कुजबुज करायची छाती होणार नाही."

पोरींनी एकच गिल्ला केला. माणसं मैदानात घुसली, कोण हात मिळवतंय, कोण पाठ थोपटतंय. त्या गोंगाटात भिंगरी मान वळवून वळवून काहीतरी शोधत होती.

"आत्या! आलीयेस ना?"

आत्याने पदराचा बोळा तोंडातून काढला. पण शपथ आठवून तिने नुसतीच मांडीवर थाप मारली.

"खेळ संपला गं आत्या," भिंगरी म्हणाली. "आता ओरड की!"

"पुढे सरकाऽऽ!" हॉल दणाणला. "वाट सोडा, माझी पोर येतेय!"

गर्दी दचकून दुभंगली, आणि भिंगरी काठी न घेता सरळ तिच्याकडे चालत आली.