डावीकडचं दार

टायरवाला बायकोला गाडीचं दार उघडून द्यायचा, हे तिच्या माहेरच्या साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. स्वतः गाडीला वळसा घालून यायचा, डावीकडचं दार उघडायचा आणि ती बसली की अलगद लावायचा. बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या, "शिका जरा त्याच्याकडून!" घरी तो तिला पट्ट्याने फोडतो, हेही साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पण लोकांना सोयीचं तेवढंच दिसतं, आणि गल्लीने दार बघायचं ठरवलं होतं.

थोरलीने मात्र वळ बघितले होते. थोरली म्हणजे टायरवाल्याच्या बायकोची मोठी बहीण. इस्पितळाच्या धुलाईखात्यात ओल्या चादरी उचलून तिचे दंड घट्ट झाले होते, आणि जीभ तर जन्मापासूनच तिखट. धाकटी राहायची गावाबाहेर, खडीच्या कारखान्यापलीकडे, टायरच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. तिकडे ना बस जायची ना भाड्याची गाडी. मागे एकदा धाकटी पायीच पळाली, तर टायरवाल्याने अर्ध्या वाटेत गाठून तिला केसाला धरून परत नेलं होतं. तेव्हापासून थोरलीने एकच ध्यास घेतला. गाडी शिकायची, परवाना काढायचा, इस्पितळाची कपड्यांची गाडी हाती घ्यायची आणि एका दुपारी धाकटीला तीत घालून आणायचं. खात्याच्या साहेबांनी शब्दही दिला होता, परवाना दाखव आणि किल्ली घे.

परीक्षेच्या सकाळी नेमका शिकवणाऱ्या मास्तरांचा फोन आला. "ताई, गाडीचा क्लच बसला. दुसरी कुठली मिळते का बघा. नाहीतर पुढची तारीख कधी मिळेल ते मीही सांगू शकत नाही."

आता ऐनवेळी गाडी आणायची कुठून? थोरलीने हताश होऊन धाकटीला फोन केला, तो टायरवाल्याने ऐकला, आणि तासाभरात गाडी घेऊन तोच दारात हजर. बायकोलाही सोबत आणलं होतं. कुणाची फजिती बघायची तर त्याला प्रेक्षक लागायचे.

"चला ताई," तो दात काढून म्हणाला. "तुम्ही खांब पाडताना बघायचंय मला."

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. थोरली मुकाट्याने मागे बसली. धाकटी पुढे होती, डाव्या मनगटाला प्लास्टर. विचारलं की म्हणायची, न्हाणीघरात पडले.

वाटेत धाकटी एवढंच म्हणाली, "अहो, ताईला क्लचचं सांगा ना. आपला फार वर पकडतो."

टायरवाल्याने रस्त्यावरची नजर न हलवता हाताची पाठ तिच्या तोंडावर मारली. माशी उडवावी इतक्या सहज. धाकटीचा ओठ फुटला, आणि तिने रक्त आधी सीटवर सांडणार नाही असं पुसलं. थोरलीने मागून त्याची कॉलर धरली आणि चादर पिळतात तशी पिळली. गाडी रस्ताभर झोके खाऊ लागली.

"सोडा ताई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी मेलो तर परीक्षा कशात द्याल?"

थोरलीने सोडलं. आपण सोडलं याची तिला इतकी लाज वाटली की मैदान येईपर्यंत तिने धाकटीकडे बघितलं नाही.

मैदानावर परीक्षा घेणारे साहेब आले. पोट पुढे, साहेब मागे. टायरवाल्याने अदबीने डावीकडचं दार उघडलं, "या साहेब," आणि ते बसल्यावर अलगद लावलं. साहेब खूश झाले. "सभ्य माणूस आहे," ते थोरलीला म्हणाले. "कोण तुमचे?"

"बहिणीचा नवरा," थोरली म्हणाली आणि किल्ली फिरवली.

गाडी म्हणजे परक्याचं घर होतं. वळण्याचा दिवा लावायला गेली तर काच पुसायचे दांडे खडखडा नाचू लागले. क्लच कुठे पकडतो ते कळेना, गाडी बंद पडली, पुन्हा पडली. भिंतीपाशी टायरवाला टाळ्या पिटत होता.

"बाई, तुम्ही चादरी धुवा," अर्जावरचं तिचं काम वाचून साहेब म्हणाले.

"त्या धुतेच. आता गाडीचं बघा." असं म्हणून तिने गाडी पुढे काढली आणि ब्रेक दाबला, तो इतका करकचून लागला की साहेबांचं कपाळ समोरच्या फळीवर आपटलं. साहेब कळवळून कपाळ चोळू लागले. फळीवर त्याच जागी आधीचाच एक खळगा होता, बरोबर कपाळाएवढा. थोरलीने तो बघितला, पण तेव्हा तिचं सगळं लक्ष पायात होतं.

हळूहळू पाय जमला. आठाचा आकडा जमला. उलट्या गिअरने दोन खांबांमध्ये गाडी घालायची होती, तीही तिने घातली, एकही खांब न पाडता. भिंतीपाशी टाळ्या थांबल्या. साहेबही नरमले. "थांबा, उतरून अंतर बघतो. बरोबर असेल तर झालात पास."

साहेबांचा हात दाराकडे गेला आणि तिथेच चाचपडत राहिला.

"अहो, याची मूठ कुठे आहे?"

थोरलीने वाकून बघितलं. मूठ नव्हती. मुठीच्या जागी नुसतं भोक होतं, आणि काच खाली करायचा दांडाही काढून टाकलेला. मोडलेला नव्हे, पान्ह्याने नीट सोडवून काढलेला. भोकाभोवतीच्या प्लास्टिकवर नखांचे ओरखडे होते, एकावर एक, आणि एका ओरखड्यात तुटलेल्या नखाचा तुकडा अजून अडकलेला होता.

दार उघडून द्यायची ती अदब! थोरली स्वतःही वर्षानुवर्षं ते दार बघत आली होती, आणि एकदा तर कौतुकाने हसलीही होती.

साहेबांना दम लागला. "उघडा! आधी दार उघडा!" ते काचेवर थापा मारू लागले, भोकात बोटं घालू लागले.

भिंतीपाशी टायरवाल्याला काय झालं ते कळलं. मैदानभर माणसं बघत होती आणि त्याचं दार चव्हाट्यावर आलं होतं. तो धाकटीकडे वळला. "तूच सांगितलंस ना हिला?" धाकटी नाही म्हणेपर्यंत त्याने तिला लाथ घातली, प्लास्टरचा हात धरून भिंतीवर आपटली आणि ती खाली पडल्यावर पुन्हा लाथ घातली. माणसं बघत राहिली. मग कोपऱ्यात पडलेला लोखंडी गज उचलून तो गाडीकडे धावला. मागची काच पहिल्या तडाख्यात फुटली. "उतर खाली! तुलाही दाखवतो!"

थोरलीने मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे तिन्ही आरसे बघितले. मग मान वळवून मागे बघितलं. धाकटी सरपटत मैदानालगतच्या कचेरीच्या पायऱ्यांवर पोचली होती. मागे फक्त तो होता, गज वर उचललेला. गाडी उलट्या गिअरमध्येच होती. तिने क्लच सोडला, अगदी वर पकडतो तिथे, आणि दुसरा पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरला.

आवाज झाला तो ओलं लाकूड मोडल्यासारखा. टायरवाला गाडी आणि मैदानाच्या कठड्याच्या मधे सापडला होता आणि गुराढोरासारखा ओरडत होता. थोरलीने गाडी थोडी पुढे घेतली, हातब्रेक ओढला आणि किल्ली काढली.

पोलीस आले तेव्हा टायरवाल्याला स्ट्रेचरवर घेत होते. मांडीचं हाड मोडलं होतं, ऐट मोडली नव्हती. "अपघात आहे हो," तो कण्हत म्हणाला. "बाई माणूस, गाडी नवीन, पाय चुकला. माझी तक्रार नाही. हाड जुळलं की घरी जाईन, बायको करील सगळं."

पोलिसालाही ते पटलं. "काय बाई, अनोळखी गाडी, पाय चुकला ना?" त्याने विचारलं. थोरलीच्या बाजूने कसेबसे बाहेर पडलेले साहेब मैदानात उभे राहून आपली सोललेली बोटं बघत होते. तेही घाईने म्हणाले, "हो म्हणा. वाचाल."

थोरलीला सगळं लख्ख दिसलं. हो म्हटलं तर ती घरी, तो इस्पितळात, आणि हाड जुळलं की धाकटी पुन्हा त्याच दाराआड. अपघाताला कोणी का म्हणून विचारत नाही.

"पाय चुकला नाही," ती म्हणाली. "मागे बघून, नीट बघून, मी गाडी त्याच्या अंगावर घातली."

पोलिसाचा चेहरा बदलला, त्याने तिच्या हातात बेड्या अडकवल्या. "कळतंय का काय बोलताय? परवाना तर गेलाच, आत जाल."

"जाईन. का घातली ते विचारा की."

"का?"

"ते तिला विचारा."

सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. ती पायरीवर बसली होती, ओठ सुजलेला, प्लास्टर तडकलेलं. स्ट्रेचरवरून टायरवाल्याने हळू आवाजात तिचं नाव घेतलं. धाकटीने त्याच्याकडे बघितलं, मग थोरलीच्या हातातल्या बेड्यांकडे बघितलं, आणि चांगल्या हाताने दुसऱ्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर सारली.

"साहेब," ती म्हणाली, "लग्नापासूनचं सांगू, की कालचंच?"