लाल ठिपक्याचा जोड

सर्किट बोर्डावरचा नेलपॉलिशचा तो लाल ठिपका, जेमतेम मोहरीएवढा... सहा दिवस तिची नजर त्याला वळसा घालून पुढे जात होती. सासऱ्यांनी सोल्डर केलेल्या प्रत्येक जोडावर असा ठिपका असायचा — म्हणजे इथे मी हात लावलाय, इथे शोधू नका — आणि त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात कुणी शोधतही नसे.

बोर्ड चाळीस वर्षांपूर्वीच्या एका व्हिडिओ गेमचा. पडद्यावर यान उगवायच्या जागी नुसत्या उभ्या पट्ट्या. मेमरीच्या चिपा तिने एकेक करून काढल्या, तपासल्या, परत बसवल्या, सगळ्या ठणठणीत. "आज नाही जमलं तर देऊन टाकू परत," सासरे सकाळी चहा फुंकता फुंकता म्हणाले होते, अगदी सहज. एकटीने हाती घेतलेला हा तिचा पहिला बोर्ड, आणि या टेबलावरून आजवर एकही बोर्ड हार मानून परत दिलेला नव्हता.

आताही ते खिडकीशी खुर्ची टाकून कान देऊन बसले होते. डोळे अधू झाल्यापासून त्यांना कानांचाच आधार. तपासणीचा तो पेनासारखा प्रोब चिपच्या धातूच्या पायाला टेकवला, की जिवंत सिग्नलवर चिवचिवे, मेलेल्यावर गप्प बसे. तेवढ्यावरून ते बसल्या जागी ओळखत — ती कुठे पोचली, कुठे चाचरली. कधीकधी तिला वाटे, हे आपलं मनसुद्धा असंच ऐकत असतील...

पण यांचे जोड तपासायचे नाहीत, हे मला सांगितलं कुणी? आठव, आठव — कुणीच नाही. मीच ठरवून बसले!

तिने प्रोब ठिपक्यालगतच्या वायरीच्या उघड्या टोकाला लावला. चिवचिव. मग ती वायर ज्या पायाला जोडली होती, त्या पायाला — काही नाही. पुन्हा वायर: चिवचिव. पुन्हा पाय: काही नाही! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, उठून नाचावंसं वाटलं, सहा दिवसांचा शीण कुठल्या कुठे पळाला.

"वायर बोलतेय, पाय बोलत नाही," सासरे खुर्चीत पुढे सरकले. त्यांचाही आवाज चढला होता. "जोड सुटलाय, सूनबाई! कुणा गाढवाने केलाय गं? कान पिळायला हवेत त्याचे."

सोल्डरिंग गन तापलेली होती. दोन सेकंदांचं काम... जोड जुन्या कुठल्यातरी कारागिराचा, एवढं म्हटलं असतं तरी ते पोटभर हसले असते.

"तुम्हीच, बाबा."

त्यांनी मान खाली घातली. ती जोडावर वाकली, चांदीसारखा थेंब वितळला, बसला. पडद्यावरच्या पट्ट्या विरल्या आणि यान उगवलं, हिरवंगार, जसंच्या तसं.

"आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"मग सहा दिवस तिथे गेली का नाहीस?"

तिने सोल्डरिंग गन खाली ठेवली. त्यांची दया वाटायला हवी होती, निदान थोडी लाज तरी. आणि वाटलीही, पण छाती धडधडत होती ती आनंदाने — आजवर ज्यांना ज्यांना प्रश्न विचारायचा नाही असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं, त्या सगळ्यांना आता विचारता येईल, अगदी यांनासुद्धा. या उघड, हव्याहव्याशा आनंदाची तिला जरा भीतीही वाटली.