आक्काताईंनी न पुरलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. ‘आहे’ म्हणताना मी जरा अडखळतो, कारण आता शोधूनही मी सापडणार नाही. पण माझे काम टिकून आहे, म्हणून बोलतो.

आईच्या पोटात बाळाभोवती पाण्याची पिशवी असते. मी त्या पिशवीचा तुकडा. १९९५च्या सुरुवातीला सांगलीच्या एका दवाखान्यात कोरेगावच्या मायाला मुलगी झाली, तेव्हा मी वारेसोबत, म्हणजे बाळाला पोटात पोसणाऱ्या गोळ्यासोबत, बाहेर आलो. मायाच्या आईने, आक्काताईंनी, वार पुरायला नवे मडके आणले होते. नर्सने जखमांवर लावायला मला मागताच त्या कडाडल्या, “वार परक्याच्या हातात देत्यात व्हय? आमी ती अंगणात पुरतो!”

माया पडल्या पडल्या म्हणाली, “आये, वार ने की तू. नुसता पडदा राहू दे. कुणाची तरी जखम भरंल.”

आक्काताईंनी वार तेवढी मडक्यात ठेवली. मग नर्सला म्हणाल्या, “ने बाई. पर उकिरड्यावर टाकलास तर बघ!”

मायाचे रक्त तपासले गेले. मला धुऊन, वाळवून, किरणांनी निर्जंतुक करून पाकिटात घातले. मी कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ झालो. पुढे दातांच्या डॉक्टर स्वप्ना यांच्या कपाटात वर्षभर पडून राहिलो.

मग पलूसचे हंबीरराव आले. फौजेत बिगुल वाजवलेला माणूस. गावच्या शाळेत झेंडावंदनाला त्यांचाच बिगुल असे. बैलाने मान हिसडली आणि शिंग लागून त्यांचा पुढचा दात गेला. हळूहळू तिथले हाडही झिजले. १९९६च्या सव्वीस जानेवारीला फुंकताच खोटा दात उडून धुळीत पडला.

“पोरं हसली त्याचं काय न्हाई,” ते म्हणाले, “बिगुल मुका झाला, डॉक्टरीणबाई.”

नवा दात स्क्रूने हाडात बसतो. इथे हाडच नव्हते. डॉक्टर त्यांच्याच हनुवटीतले थोडे हाड काढून खड्ड्यात भरणार होत्या, आणि वर मला अंथरणार होत्या. हिरडी भराभर वाढते, हाड सावकाश. हाड धरेपर्यंत हिरडीला आत घुसू न देणे, एवढेच माझे काम.

“कुणाचा हाय ह्यो पडदा?”

“नाव मलाही ठाऊक नाही, काका. एका आईचा.”

हंबीररावांनी माझ्या पाकिटाला हात जोडले. मग त्यांनी तोंड उघडले.

डॉक्टरांनी बिगुलाला हात लावायला मनाई केली होती, पण आठव्या दिवशी हंबीररावांना राहवले नाही. रोजच्या सवयीने त्यांनी बिगुल ओठांना टेकवला. टाका तुटला, माझी कड उघडी पडली. मी हाडाला चिकटून राहिलो.

“आवं, फुकला न्हाई, नुसता लावला!”

“फौजेत हुकूम असाच पाळायचात?” डॉक्टरांनी नवा टाका घातला आणि बिगुल मागून घेऊन आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवला.

मी हळूहळू विरघळलो. सहा महिन्यांनी एक्स-रेत मी कुठेच नव्हतो. होते ते भरीव हाड. त्यात स्क्रू बसला, पुढे दात बसला, आणि बिगुल घरी गेला.

मित्रांनो, भरत्या जखमेला थोडी सवड द्या. घरात बाळ जन्मले, तर त्याच्याबरोबर आलेले काही कुणाच्या उपयोगी पडेल का, हेही एकदा विचारा.

१९९७च्या पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली हंबीररावांनी नव्या दातामागे जीभ फिरवली. “चल, आये,” ते त्या अनोळखी आईला उद्देशून पुटपुटले, आणि बिगुल ओठांना लावला. या वेळी कुणी हसले नाही.