हा नंबर कुणाचा

आई गेल्यानंतर बाबांनी मला एकही मेल लिहिला नाही, असं मी धरून चालले होते. घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, तेव्हापासून आमचं बोलणं मेलवरच चालतं. मी दुसऱ्या शहरात राहते आणि फोन त्यांच्या उपयोगाचा नाही. माझ्या मेलना उत्तर येईना, तेव्हा वाटलं, दुःखात माणूस मिटून जातो, त्यांना छेडू नये.

रजा काढून घरी आले, तर बाबा माझ्यावरच रुसलेले. त्यांनी पाटी पुढे केली. "उत्तर लिहायला हात दुखतात का तुझे?"

मी फोनवर स्पॅमचा कप्पा उघडला. लॉटरी आणि केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिरातींमध्ये बाबांची चार पत्रं पडली होती. स्वयंपाकघरात जाऊन मी ती उभ्यानेच वाचली. एकात त्यांनी विचारलं होतं, आईचे दोन्ही चष्मे डोळ्यांच्या दवाखान्यात देऊन टाकू, की एक ठेवू?

मग बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, म्हणजे लिहून दाखवली. कंठमंडळातूनही त्यांना कुणी उत्तर देत नव्हतं. आवाज गेलेल्या तीसेक माणसांचा हा गट. नळी कशी धुवायची, आंघोळीत गळ्याच्या छिद्रात पाणी कसं जाऊ द्यायचं नाही, बायको भांडायला लागली की दिवा घालवून पाटीवरचं उत्तर कसं टाळायचं, अशा गोष्टी ते एकमेकांना लिहितात. ही पत्रं गटात पोचवणारा सर्व्हर आमच्या माळ्याखालच्या कोनाड्यात आहे. बाबांचा स्वतःचा मेलही त्यावरूनच जातो. आधी हा गट एका फुकट सेवेवर होता. गळ्याच्या छिद्रांचे फोटो अश्लील ठरवून त्यांनी तो एका सकाळी पुसून टाकला. आईने त्याच आठवड्यात जुना संगणक कोनाड्यात बसवला आणि जाहीर केलं की यापुढे आपल्याला कुणी पुसणार नाही.

बाबांना वाटत होतं, मंडळाला आईचाच लळा होता. ती गेली, लोक पांगले.

बिघाड कुठे आहे ते कळायला मला दुपार लागली. इंटरनेटवर प्रत्येक कनेक्शनला एक नंबर असतो. नावावरून तो नंबर मिळतो, तसं उलटंही विचारता येतं : हा नंबर कुणाचा? पत्र घेणारा सर्व्हर दारात आलेल्याला हेच विचारतो. नंबराने नाव सांगायचं, आणि त्या नावाकडून परत तोच नंबर निघायला हवा. रद्दी पाठवणारे लोक दुसऱ्यांचे संगणक बळकावून पाठवतात, त्यांना असं जुळणारं नाव क्वचितच असतं, म्हणून ही चौकशी. आईला हा नियम मान्य होता. तिने इंटरनेट कंपनीच्या मागे लागून आमच्या नंबरापुढे मंडळाचं नाव लिहून घेतलं होतं. ती नोंद घरी बसून बदलता येत नाही, नंबर ज्यांचा त्या कंपनीनेच ती करायची असते.

आई गेल्यावर दादाने कागदपत्रं उरकताना कनेक्शन बाबांच्या नावावर केलं. नंबर तोच राहिला, पण त्याच्यापुढचं नाव गेलं. आता आमच्या नंबराला कुणी विचारलं तर तो कंपनीने दिलेली अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ पुढे करत होता. बहुतेक सर्व्हर आमची पत्रं गुपचूप स्पॅममध्ये ढकलत होते. एकही पत्र परत येत नव्हतं, त्यामुळे बाबांना कळायला मार्ग नव्हता.

दादाला फोन केला. तो वैतागला. "अगं, बंद करून टाक ना ते खटलं. मेल फुकट मिळतो सगळीकडे." फोन स्पीकरवर होता. बाबांनी पाटीवर लिहून मला दाखवलं : त्याला सांग, बापही फुकटच मिळाला होता.

कंपनीचे नियम दोन. नोंद बदलायची तर ग्राहकाने स्वतः फोनवर बोलून संमती द्यायची. नाहीतर त्याच्या नोंदवलेल्या पत्त्यावरून मेल करायचा. बाबांनी मेल केला. तो मात्र लगेच परत आला : तुमच्या नंबराचं नाव जुळत नाही, म्हणून पत्र घेता येत नाही. नोंद दुरुस्त करा असं सांगणारं पत्र, नोंद दुरुस्त नाही म्हणून नाकारलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कंपनीच्या कार्यालयात गेलो. काउंटरवरची बाई माझ्याशी बोलत राहिली : यांना सांगा, पत्ता बदलून घ्या, यांना सांगा, नवा मेल काढा. मध्येच बाबांकडे वळून ती मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलली. बाबांनी पाटी काउंटरवर टेकवली.

"आवाज गेलाय. कान शाबूत आहेत."

तिने साहेबांना बोलावलं. साहेब सौम्य होते आणि जागचे हलत नव्हते. घरगुती कनेक्शनला ही सोय नाही, म्हणाले. माझ्या आईला दिली होती, मी म्हणाले.

"ते त्यांच्या नावावर होतं, मॅडम. ते कनेक्शन बंद झालं."

"कनेक्शन बंद झालं नाही," मी म्हणाले. "आई गेली. कनेक्शन चालू आहे, बिलही चालू आहे."

माझा आवाज चढला नव्हता, तरी रांगेतले लोक बघायला लागले. मी परत आलेला मेल साहेबांपुढे धरला. त्यांनी वाचला. मग पुन्हा वाचला. एखादा चांगला फुकट पत्ता घेतला तर हा त्रासच नाही, एवढा अट्टाहास कशाला, असं त्यांनी बाबांनाच विचारलं. इतक्या वेळात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना सरळ विचारलं होतं.

बाबांनी खुर्ची ओढून घेतली, बसले आणि सावकाश लिहिलं. पाटी भरली.

"मला एकदा बोलता येत नाहीसं झालं. ते डॉक्टरांनी विचारून केलं. तुम्ही विचारलंही नाहीत. नाव लिहिल्याशिवाय मी उठत नाही."

खरंच उठले नाहीत. पुढचा ग्राहक आला, काउंटरवाली बाई त्याला बाबांच्या डोक्यावरून उत्तरं देऊ लागली. तिचं तिलाच अवघडल्यासारखं झालं असावं. तिने आतल्या तांत्रिक विभागाला फोन लावला आणि रिसीव्हर साहेबांच्या हातात दिला. पलीकडून नोंदीत कोणतं नाव घालायचं ते विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर बाबांनी हाताने थांबवलं. पाटी पुसून त्यांनी नाव एकेक अक्षर सुटं लिहिलं. साहेबांनी ते फोनवर वाचून दाखवलं. बाबांनी पुन्हा वाचायला लावलं.

घरी पोचेपर्यंत नोंद झाली होती. मी आमच्या नंबराला त्याचं नाव विचारलं, त्याने मंडळाचं सांगितलं. काही सर्व्हरांनी पुढेही आढेवेढे घेतले, पण बाबांनी पाठवलेली चार ओळींची खुशाली बहुतेकांना मिळाली.

पहिलं उत्तर आलं ते मंडळातल्या सगळ्यात वयस्कर सभासदाचं, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. "म्हणजे जिवंत आहेस. तूही वहिनींच्या मागोमाग गेलास असं समजून आम्ही दोन मिनिटं शांत उभे राहिलो. तसे आम्ही नेहमीच शांत असतो, पण या वेळी उभे राहिलो."

बाबांच्या गळ्यातून फस्स फस्स हवा यायला लागली. ते हसतायत हे कळायला मला एक क्षण लागला. मग त्यांनी डोळे पुसले, कीबोर्ड पुढे ओढला आणि मास्तरांना लिहिलं :

"बसून घ्या. मला खूप बोलायचं आहे."